कोचीचा मुराळी

आमच्या घरात कोचीला जायचं ठरलं तेव्हा कोची नेमकं कुठे आहे हे घरात एकट्या मला माहीत होतं, आणि माझंही ज्ञान शाळेच्या नकाशातल्या खालच्या निमुळत्या टोकाजवळच्या एका ठिपक्यापुरतंच होतं. आईला वाटायचं, मुंबईच्या पुढे चार-दोन स्टेशनं गेलं की कोची येत असेल. बाबांना तिच्याहून बरी कल्पना होती, कारण नागपूरच्या कळमना बाजारात ज्या अडत्याकडे ते काट्यावर वजनं करायला होते तिथून तूरडाळीचे ट्रक दक्षिणेकडे जायचे आणि ड्रायव्हर लोक परत आले की तिकडच्या गोष्टी सांगायचे. तिकडे पोळी नसते, तिन्ही त्रिकाळ भातच खातात, तिकडे खोबरेल तेलात तळतात, तिकडे पाऊस सुरू झाला की थांबायचं नावच घेत नाही, असलं सगळं बाबा रात्री जेवताना सांगत. आम्ही हसायचो. माझी मोठी बहीण वंदाताई सगळ्यांत जास्त हसायची. त्या वैशाखात तिचं लग्न झालं आणि तीच कोचीला गेली.

मुलगा आपल्याकडचाच होता, आर्वीचा. कोचीच्या गोदीत फिटर, पक्की नोकरी, सोबत फक्त विधवा आई. नोकरी पक्की आहे म्हटल्यावर आमच्याकडे पुढचं कोणी काही विचारत नाही. मुलगा पीत नाही ना, हे मात्र तिघांना विचारून झालं होतं, आणि तो खरंच पीत नव्हता. पीत नाही म्हणजे चांगला, असा सरळ हिशेब. मला आजही त्या हिशेबाचा राग येतो. लग्नानंतर आठ दिवसांनी ताई, जावई आणि विहीणबाई स्टेशनवर गाडीत बसले. आई खिडकीतून ताईला सांगत होती, "पोहोचली की चिठ्ठी लिहिजो वं," आणि ताई मान हलवत होती. चिठ्ठ्या आल्याही. सगळ्यांत एकच मजकूर: मी मजेत आहे, इथे हिरवंगार आहे, तुम्ही आपली काळजी घ्या.

जेठ संपत आला आणि आईला आखाडीची घाई सुटली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात सासू-सुनेनं एका छपराखाली राहायचं नाही, एकमेकींचं तोंड पाहायचं नाही. नवी नवरी माहेरी येते, महिनाभर खाते-पिते, झोपा काढते. तिला आणायला माहेरहून माणूस जातो, त्याला मूळ धाडणं म्हणतात, आणि जो जातो तो मुराळी. मुराळी भाऊ असतो. सख्खा नसला तर चुलत चालतो, मामाचा-मावशीचा चालतो, पण पुरुष पाहिजे. आम्हाला भाऊ नव्हता. आम्ही दोघीच.

बाबा स्वतः गेले असते, पण त्याच महिन्यात बाजारात हमालाच्या पाठीवरचं पोतं सरकून त्यांच्या पायावर पडलं होतं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं. दिवसभर ते पुढच्या खोलीत खाटेवर बसून असत, कुबडी भिंतीला टेकवलेली. बसून राहायची सवय नसलेला माणूस घरात बसला की घराचं काय होतं ते मी पाहिलं आहे. कुकरची शिट्टी मोजायचे. नळ गेला की ओरडायचे. कूलर अजून का झाकला नाही, पाऊस आला म्हणजे त्यात पाणी जाईल, हे दिवसातून चारदा. पण आखाडीचा विषय निघाला आणि त्यांना काम मिळालं. पाटी-पेन्सिल घेऊन ते यादी करू लागले.

त्या याद्या मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. विहीणबाईंसाठी लुगडं. जावयासाठी शर्टाचं कापड. मुराळ्यासोबत जाणारी दुरडी, म्हणजे वेळूची टोपली, तिच्यात गुलगुले, तिखट पुऱ्या, सांजोऱ्या आणि कानवले. गाडीत दीड दिवस लागणार तर शिदोरीत काय, परतीला ताई असणार तर परतीची शिदोरी तिकडे कोण करून देणार. आईची काळजी वेगळीच होती. "समुद्राचं पाणी आखाडात वर येते का वं, रेखे?" ती मला विचारायची. "रस्त्यावर येते का? घरात शिरते का?" मी म्हणायचे, नाही, समुद्र आपल्या जागी असतो. तिला पटत नसे. तिनं दुरडीला बाहेरून प्लास्टिक शिवून घेतलं, दोन थर, आणि मुराळ्यासाठी बाजारातून मोठ्या काड्यांची काळी छत्री आणवली. नागपूरचा पाऊस पाहिलेल्या माणसाला छत्री म्हणजे छत्रीच वाटते. कोचीच्या पावसात ती छत्री किती टिकणार होती हे मला पुढे कळलं.

माझा मुलगा आता इथल्याच मिहान उद्योगनगरीत नोकरीला आहे. परवा जुलैत तो आणि त्याचे मित्र कोचीला जाऊन आले, मुद्दाम पाऊस बघायला. फोनवर दोन बोटं फिरवली आणि विमानाचं तिकीट, हॉटेल, नावेतलं जेवण, सगळं दहा मिनिटांत. मला म्हणाला, "आई, तू पण चल ना." मी नाही म्हटलं, गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघे माझे ठीक आहेत.

आषाढ लागायला दोन आठवडे असताना मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायला कॉलेजात गेले. ऑफिसातल्या बाईंनी मला थांबवलं आणि एक पाकीट दिलं. वर माझं नाव, कॉलेजचा पत्ता, अक्षर ताईचं. ताईनं मला कॉलेजच्या पत्त्यावर पत्र का लिहावं, हे मला कळेना. मी जिन्याखाली उभं राहून ते फोडलं.

ते पत्र मला पाठ आहे. ताई लिहिताना पुस्तकी भाषा कधी वापरायची नाही, बोलायची तसंच लिहायची. "रेखे, माझ्या चिठ्ठ्या तो वाचूनच पेटीत टाकते, म्हणून मी मजेत आहे असंच लिहितो. ही चिठ्ठी शेजारच्या बाईच्या हातून धाडून राहिली. तिले आपली भाषा येत नाही पण ती समजली. तो ड्युटीवर असला अन सासूबाई बाजारात निघाली तं तिलेही त्याच्या सांगण्यानं बाहेरून कुलूप लावा लागते. खिडकीतून कोणाशी बोलली तं त्याले चालत नाही. एकदा हात असा पिरगळला की तीन दिवस वर गेला नाही. सासूबाई वाईट नाही, ती मधात पडते म्हणून मी वाचतो. तिच्यासमोर तो जास्त काही करत नाही. आता एकच रस्ता आहे. आखाडीचं मूळ घेऊन कोणी तरी अचानक या. दारात मुराळी उभा राहिला की सासूबाई नाही म्हणणार नाही, तिले आखाडाचा लय धाक आहे. मग तोही काही करू शकत नाही. पण सांगून येऊ नका. त्याले आधी कळलं तर तो काही ना काही करन. आईबाबाले यातलं काही सांगू नको, बाबा तडक त्याले चिठ्ठी लिहितील अन माझं खरं नाही. एकदा घरी आली की मीच सांगतो सगळं. तू फक्त कोणाले तरी धाड."

मी एकोणीस वर्षांची होते. पत्र घडी करून मी ब्लाउजमध्ये ठेवलं आणि घरी येईपर्यंत तीनदा चाचपून पाहिलं. घरी आई आखाडासाठी गहू निवडत बसली होती, बाबा यादीत काहीतरी खोडत होते. मी बॅग ठेवली आणि म्हटलं, "मुराळी लवकर धाडा ना. आषाढ लागला की लगेच."

"काहून वं, तुले काय घाई सुटली?" आई हसत म्हणाली. "बहिणीची लय आठवण येऊन राहिली काय?"

मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते.

मुराळी म्हणून गजूदादाचं नाव ठरलं होतं. गजूदादा बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा, काटोलकडच्या गावात राहायचा, संत्र्याची बाग होती. अंगानं दांडगा, मनानं भित्रा. अनोळखी गावात गेला की पान खाऊन गप्प बसणारा माणूस. तो आला, जेवला, भाताचे दोन गोळे जास्त वाढून घेतले, आणि मग मुद्द्यावर आला. "काका, मी जातो. वंदीसाठी जाणार नाही तं कोणासाठी जाईन? पण आधी चिठ्ठी धाडा, त्यायचं उत्तर येऊ द्या. दोन दिवस गाडीत बसून जायचं अन त्यायनं दारातूनच वापस लावलं, तं म्या काय तोंड घेऊन याव? तिथं मले बोलताही येणार नाही कोणाशी."

"चिठ्ठी तं धाडा लागते," बाबा म्हणाले. "न कळवता मूळ धाडत नाही कोणी. व्याह्याच्या दारात चोरासारखं जायचं काय?"

मी मध्येच बोलले. म्हटलं, न कळवता गेलं तर ताईला किती आनंद होईल, अचानक दादाला दारात पाहून. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाबा रीतीचे होते. घरात भांडण झालं तरी चालेल, पण सवाष्णीच्या ताटातला वाढणीचा क्रम चुकलेला चालायचा नाही. मग मी म्हटलं, मी जाते मुराळी. यावर गजूदादासकट सगळे हसले. "पोट्टी मुराळी जाते काय कुठं?" आई म्हणाली. "तुले पाहून विहीणबाई पोरीले धाडतील? म्हणतील, यायच्या घरी माणूसच नाही."

त्या संध्याकाळी बाबांनी डोक्यावर टोपी घातली, पाटावर नवं अंतर्देशीय पत्र ठेवलं आणि चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. पत्र जावयाच्या नावानं, कारण घरात कर्ता तोच. सुंदर अक्षरात त्यांनी लिहिलं की आमच्या घरचा मुराळी चिरंजीव गजानन अमुक दिवशी आपल्या दारी येत आहे, कन्येस आखाडीला पाठवावे ही विनंती. मग ते चिकटवून माझ्या हातात दिलं. "सकाळी कॉलेजात जाताना पेटीत टाकजो."

मी ते टाकलं नाही. दोन दिवस ते माझ्या बॅगेत होतं, ताईच्या पत्राशेजारी. दोन्ही पत्रं घेऊन मी वर्गात बसत होते आणि सरांचा एक शब्द कानात शिरत नव्हता. मी ते नाल्यात टाकू शकत होते. पावसाळा होता, नाला वाहत होता, कोणाला कळलंही नसतं. पण मग कोचीहून उत्तर आलं नसतं, आणि उत्तराशिवाय गजूदादा जागचा हलला नसता. चिठ्ठी गेली तर ताईचा घात, नाही गेली तर मुराळीच नाही. तिसरा रस्ता होता, आणि तो मला दिसत होता: बाबांसमोर जाऊन ताईचं पत्र ठेवायचं. पण ताईनं नको म्हटलं होतं. तिनं जे नको म्हटलं ते मी करणार नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले, आणि त्याच ताईनं नको म्हटलेलं दुसरं काम करायला निघाले. आज लिहिताना हे इतकं उघडं दिसतं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. तेव्हा दिसत नव्हतं. तेव्हा मला फक्त भीती वाटत होती. बाबांची, जावयाची, आईच्या रडण्याची, सगळ्यांची मिळून एक भीती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी विचारलं, "टाकली ना चिठ्ठी?" मी हो म्हटलं. बाबांशी मी तोवर खोटं बोलले नव्हते. तो "हो" रात्रभर मला टोचत राहिला आणि सकाळी मी असा विचार केला की बाबा इतकं नम्र लिहितात, हळद-कुंकू लावून, ते वाचून कोणता माणूस वाईट वागेल. हा विचार मी स्वतःच तयार केला आणि स्वतःच त्यावर विश्वास ठेवला. धरमपेठेत कॉलेजच्या वाटेवर एक लाल पेटी होती. मी पत्र आत सोडलं, तळाशी पडल्याचा आवाज आला नाही, इतकी ती भरलेली होती.

त्यानंतरचे आठ दिवस घरात नुसती धामधूम. गजूदादानं रिझर्व्हेशन करून आणलं, निघेपर्यंत कोचीचं उत्तर येईलच, नाही आलं तर तिकीट रद्द करू, या बोलीवर. शेवटच्या दोन दिवसांत आईनं आखाड तळला. अंगणातल्या टिनाखाली चूल मांडली, टिनावर पाऊस वाजत होता, आणि गुळाच्या पिठाचे गोळे तेलात पडताना चर्र आवाज करत होते. मी कानवले लाटत होते. आई गाणं गुणगुणत होती. तळणाचा वास घरभर, कपड्यांत, केसांत. आई प्रत्येक घाणा काढला की म्हणायची, "हे वंदीले आवडते," आणि मी मान हलवायचे. आठ दिवसांत मी धड जेवले नव्हते आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष दुरडीकडे होतं.

गजूदादा निघणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथचे शर्माजी दारात आले. "बहनजी, कोची से फोन है. दामाद जी का. दस मिनट में फिर करेंगे." बाबांना चालता येत नव्हतं, म्हणून आई आणि मी धावत गेलो. आईच्या हाताला पीठ होतं. फोन वाजला, आईनं घेतला, "हॅलो" म्हणून मोठ्यानं ओरडली, आणि मग ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू खुलत गेला. "हाव, हाव जावईबापू," ती म्हणत होती. "असं काय. बरं झालं बाप्पा. नाही नाही, आम्ही कायले नाराज होऊन राहिलो." तिनं ताईला फोन द्यायला सांगितलं, तर तो म्हणाला ती घरी आहे, तिला ताप आहे, थोडाच. आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसली.

वाटेत तिनं मला सांगितलं. जावई फार समजूतदार. म्हणाला, इकडे पाऊस इतका आहे की रस्ते बुडाले, नवी नवरी अशा पावसात दीड दिवस गाडीत कशाला पाठवायची. सासू-सुनेनं आखाडात एका घरात राहायचं नाही ना, तर मग आईलाच मी आर्वीला मामाकडे पाठवून दिलं, परवाच गाडीत बसवून दिलं. रीतही पाळली गेली आणि कोणाची दगदगही नाही. मूळ आता कार्तिकात धाडा.

मी रस्त्यातच थांबले. आई पुढे जात होती, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी. ज्या एका बाईमुळे ताई वाचत होती ती बाई घरातून गेली होती, आणि तिला घालवायला जावयाला जो वेळ मिळाला तो मी त्या लाल पेटीत टाकला होता. आता त्या घरात ताई, तो आणि कुलूप, एवढंच.

घरी आल्यावर सगळ्यांना किती बरं वाटलं ते पाहवत नव्हतं. गजूदादा तर उठून उभाच राहिला. "चांगला माणूस आहे बॉ," म्हणाला आणि तिकीट रद्द करायला स्टेशनवर गेला. बाबा म्हणाले, "रीतीचा माणूस दिसते. आपल्याले सुचलं नसतं." आईनं दुरडीचं प्लास्टिक फाडलं. एवढं तळलेलं आता वाया थोडंच घालवायचं. तिनं ताटांत गुलगुले आणि कानवले भरले, वर रुमाल टाकला आणि आळीतल्या घरोघरी वाटायला निघाली. प्रत्येक दारात तिचं तेच वाक्य मला ऐकू येत होतं, "वंदीचा आखाड तिकडंच पाळला बाई, जावई लय समजदार भेटला."

आई तिसऱ्या घरात असताना मी ताईचं पत्र बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

ते त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा काही ओळी वाचल्या. मग पाकीट उलटं केलं आणि वरचा पोस्टाचा शिक्का उजेडात धरला. "हे कधी आलं?"

"पंधरा दिवस झाले."

"माझी चिठ्ठी टाकायच्या आधी?"

"हाव."

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी भिंतीला टेकवलेली कुबडी जवळ ओढली. मग म्हणाले, "बॅग भर. मी मुराळी जातो. तू सोबत चल, मले चढवायले-उतरवायले."

आई आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं की ताईचा ताप जास्त आहे असं वाटतं, बघून येतो. "मंग गजूले धाडा ना," ती म्हणाली, "तुम्ही पाय घेऊन कुठं जाता?" बाबा कुबडी घेऊन दाराकडे निघालेच. संध्याकाळच्या गाडीत साध्या डब्यात आम्ही शिरलो. कोणीतरी बाबांना पाय लांब करायला खालची जागा दिली. त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. बल्लारशा गेलं, जंगल गेलं, मग सगळी झाडं, माणसं, पाट्या बदलत गेल्या आणि पाऊस दाट होत गेला. बाबा खिडकीबाहेर पाहत बसले होते. विजयवाडा सोडल्यावर ते म्हणाले,

"ताईनं इचारलं तं सांगायचं, तुझी चिठ्ठी बाबाची चिठ्ठी गेल्यावर आली. पावसानं उशीर झाला."

"बाबा, पण..."

"ऐक. मी बाप आहे. माझ्यावर रुसन, शिव्या घालन, कधी ना कधी इसरन. तुझ्यावर रुसली तं तिले दुसरी बहीण कुठून आणू?" मग त्यांनी ते पाकीट माझ्याकडून मागून घेतलं आणि आपल्या खिशात ठेवलं. ते पाकीट पुन्हा मी कधी पाहिलं नाही.

कोचीत उतरलो तेव्हा सकाळ होती आणि पाऊस असा की समोरचं माणूस दिसत नव्हतं. आईची काळी छत्री स्टेशनच्या बाहेर पाच पावलांत उलटी झाली, काड्या मोडल्या, मी ती तिथेच टाकली. पत्ता दाखवत, रिक्षा बदलत आम्ही पोहोचलो. ओळीनं खोल्या, समोर नारळ, आणि दाराला बाहेरून कुलूप. शेजारची बाई बाहेर आली, बाबांच्या प्लास्टरकडे आणि माझ्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं आणि काही न विचारता आपल्या घरातून लोखंडाचा वरवंट्यासारखा जड तुकडा आणून बाबांच्या हातात दिला. रीतीच्या माझ्या बाबांनी कुबडीवर उभं राहून जावयाच्या दाराचं कुलूप तोडलं. तीन घाव लागले. प्रत्येक घावाला ते म्हणत होते, "वंदे, मी आहे. वंदे, मी आहे."

ताई आत भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं, पण बाबा ज्या बाजूनं बोलत होते त्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला मान वळवली. डावा कान सुजून काळा-निळा झाला होता. सासू गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मारलं होतं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पडदा गेला, आतलंही काही गेलं, आता त्या कानानं ऐकू येणार नाही. तिला कपडे घालून आम्ही त्याच्या ड्युटीतून परतण्याआधी निघालो. शेजारच्या बाईनं एका पिशवीत केळी आणि भात बांधून दिला. गाडी सुटल्यावर तिनं बाबांना विचारलं, "चिठ्ठी काहून धाडली होती?"

"माझी चूक झाली," बाबा म्हणाले. "कोणाले इचारलं नाही म्या."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझी चिठ्ठी?"

"उशिरा आली," मी म्हटलं.

पुढे कोर्ट, सोडचिठ्ठी, लोकांची तोंडं, सगळं झालं, ते वेगळं. ताई उभी राहिली. आज तिचं शिवणकामाचं दुकान आहे, हाताखाली चार बाया आहेत, आणि कोणी बोलायला आलं की ती खुर्ची वळवून उजवा कान त्यांच्याकडे करते. बाबांशी ती बोलायची, सगळं करायची त्यांचं, पण आतून तिची त्यांच्यावरची नाराजी गेली नाही. आषाढ आला, तळण झालं, की एकदा तरी म्हणायची, "बाबाले माझ्यापेक्षा रीत मोठी होती. नाही तं माझा कान राहिला असता." बाबा ऐकायचे आणि पेपर वाचायचे. शेवटच्या आजारात तिनंच त्यांना भरवलं, आणि तेव्हाही एकदा म्हणाली. ते माझ्याकडे पाहून थोडे हसले. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसले होते. तेव्हा सांगायचं होतं, ते जिवंत असताना, त्यांच्यासमोर. मी नाही सांगितलं. बाबा रुसवा पोटात घेऊन गेले आणि तो माझ्या वाट्याचा होता.

मी लिहीत असलेल्या आठवणींच्या पुस्तकातलं हे प्रकरण छापायला जाण्याआधी ताईनं ऐकावं, दुसऱ्या कोणाकडून नाही, माझ्याकडून, असं मी ठरवलं आहे. काल वही पिशवीत घालून तिच्याकडे गेले. तिनं मला उजव्या बाजूला बसवलं, भजी तळली, चहा केला. पावसाचे दिवस, बाबांचा विषय निघालाच. तिनं तिचं ते नेहमीचं वाक्य म्हटलं. मी भजी खाल्ली, चहा संपवला आणि वही न काढता घरी आले.